ओली सोपटं

टाकीची सावली सकाळी मारुतीच्या ओट्यावर पडते आणि जेवणवेळ टळली की सरकत सरकत माझ्या अंगणवाडीवर येते. बायका म्हणतात, "सुनंदाबाई, तुमचं बरं हाये बा, पोरांले गारवा भेटते." बोलून बोलून माझं तोंड दुखलं. त्या टाकीखाली गावची पोरं बसतात, त्यांच्यात माझी मोहिनी बसते, आणि यांना गारवा दिसतो!

अंगणवाडी आधीची, टाकी मागाहून आली. गावठाणात दुसरी मोकळी जागा नव्हती असं नाही. पण नकाशात खूण जिथे पडली तिथे पडली. साहेब म्हणाले, आता जागा बदलायची तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. झालं, माझ्या भिंतीपासून हातभर अंतरावर खांब उभा राहिला. खिडकी उघडली की दुसरं काही दिसेना.

मोहिनीचे पप्पा, म्हणजे जीवराम, तेव्हा केळीच्या मळ्यात मजुरीला जायचे. घड वाहून वाहून खांद्याला गट्टे पडलेले. ठेकेदाराची माणसं गावात आली तेव्हा त्यांच्या सुपरवायझरने, नवीनने, यांना कामावर घेतलं. काम एवढंच की नव्या खांबांना पाणी मारायचं.

"सरकारी काम हाये," हे घरी येऊन म्हणाले. "उद्या टाकी झाली म्हंजे पानी सोडायले मानूस लागंनच. मलेच ठेवतीन."

चेहरा असा फुलला होता की मी म्हटलं, होऊ दे बाई, या माणसाचंही कधी तरी चांगलं होऊ दे.

नवीन दिवसभर गाडीत एसी लावून मोबाईल बघत बसायचा. त्याच्या हाताखाली गवंडी चुडामण. तो पिंपळनेरकडचा, अंगाने धिप्पाड, बोलायला गोड आणि कामाला मेलेला. त्याच्यासोबतचे दोघे लिंबाखाली पत्ते कुटायचे. कोणाला काही विचारा, चुडामणचं उत्तर ठरलेलं, "बठ्ठं ठीक शे, अक्का." सिमेंटच्या गोण्या दगड झाल्या तरी याचं सगळं ठीक, बठ्ठं ठीक शे. खडीत माती आली तरी बठ्ठं ठीक शे. मला त्या माणसाचा असा राग यायचा की त्याला चहा देताना कपाकडे बघून द्यायची, तोंडाकडे नाही.

खांबाला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचं असतं म्हणे. गोणपाट काही येईना. नवीन म्हणायचा, मागणी वर पाठवली आहे. मे महिना, आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, दाराची कडी धरली तर हात भाजतो. हे एकटे परांचीवर चढून बादलीने पाणी मारायचे आणि खाली उतरेस्तोवर खांब खडखडीत वाळलेला.

मग यांच्याच डोक्यात आलं. केळीचा घड कापला की खोड बागेत पडून राहतं. त्याची सोपटं, म्हणजे खोडाची जाड सालपटं, सोलायची आणि खांबाला बांधायची. सोपटात पाणीच पाणी. आमच्याकडे बाजाराला न्यायची फुलं म्हणा, विड्याची पानं म्हणा, सोपटात गुंडाळली की दिवसभर टवटवीत राहतात. तेच यांनी खांबाला केलं. बैलगाडीभर सोपटं आणली, चिकाने सदऱ्याचं वाटोळं झालं, ते काळे डाग अजून निघालेले नाहीत. खालपासून वरपर्यंत हिरवेगार खांब! लग्नाच्या मांडवासारखे दिसायला लागले. पाणीपुरवठ्याचे शाखा अभियंता आले, त्यांनी सोपटाला बोट लावलं, बोट ओलं झालं.

"वा! छान. अशीच काळजी घ्या," म्हणाले आणि फोटो काढून गेले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी नवीनने यांना दुसऱ्या गावी पाईप उतरवायला पाठवलं. जाताना हे चुडामणला बजावून गेले, "भाऊ, सोपटं बांधेल हायेत म्हनून पानी बंद करू नको बरं. वरून मारतच राह्यजो."

"मी शे ना आठे," चुडामण म्हणाला. "कसाले काळजी करतस?"

मी खिडकीतून बघत होते ना. एक बादली वर गेली नाही. साहेब यायची वर्दी आली की चुडामण ताजी सोपटं आणून जुन्यांवर चढवायचा, साहेब बोट लावायचे, बोट ओलं व्हायचं. मी एकदा बाहेर जाऊन म्हटलं, "अहो, पाणी कोण मारणार?" तर तो मेला सोपटावर थाप मारून म्हणतो, "दखा ना अक्का, कसं ओलं शे!" आणि खरं सांगते, सगळ्या गावालाही तसंच वाटत होतं. केळीवाल्यांचं गाव, सोपट ओलं म्हणजे आतलं ओलं, हे आमच्या हाडात बसलेलं. पण वरचं सोपट ओलं होतं ते स्वतःच्या पाण्याने. खालची वाळून कागद झाली होती, आणि खांबाला मिळत होती नुसती धग.

हे परत आले आणि पहिलं सोपट सोललं. आतला खांब पांढरा फटक. त्यावर बारीक बारीक चिरा, उन्हाने टाच फुटावी तशा. बोटाने खरवडलं तर पीठ पडलं. यांनी नवीनला गाडीतून बाहेर बोलावलं. त्याने एक कान मोकळा करून ऐकलं.

"जीवरामभाऊ, साहेबांनी पास केलंय. तुम्ही इंजिनिअर आहात का?"

चुडामणने सिमेंटचा घोळ करून चिरांवर फासला. दुपारपर्यंत खांब नवा कोरा. त्या दिवशी हे ताटावरून उठले. "मीच आनेल होती ती सोपटं, सुनंदा," म्हणाले. मी म्हटलं, पाणी मारायचं होतं ते त्यांनी मारलं नाही, तुम्ही का जिवाला लावून घेता? पण या माणसाला कोण समजावणार.

पुढे टाकी उभी राहिली. वर चढून बघितलं तर पार सावदा गाव दिसतं म्हणे. यांना पाणी सोडायचं काम मिळालं, ठेकेदाराकडूनच. व्हॉलची लांब लोखंडी चावी घरी आली. ती हे दाराआड उभी करायचे आणि मोहिनीला हात लावू द्यायचे नाहीत.

यंदाच्या उन्हाळ्यात टाकी पहिल्यांदा भरली. उद्घाटन व्हायचं होतं. गावात पाण्यावाचून बायकांचे हाल, सगळ्या टाकीकडे डोळे लावून बसलेल्या. आणि माझ्या पत्र्यावर थेंब पडायला लागले. टप. टप. पोरं वर बघायची. मी बाहेर येऊन पाहिलं तर खांब आणि टाकीचं बूड जिथे मिळतात तिथे ओली रेघ. बरोबर तिथेच, जिथे सोपटांच्या चिकाचे तपकिरी पट्टे सिमेंटच्या घोळातूनही वर आले होते.

"नवी टाकी शे, थोडी गळावच," चुडामण म्हणाला. "बठ्ठं ठीक शे."

संध्याकाळी ती रेघ बोटाएवढी होती, सकाळी हाताएवढी झाली. हे खांबाला कान लावून उभे राहिले. मी म्हटलं, काय ऐकू येतं? म्हणाले, "कायच नही." पण कान काही काढला नाही.

आम्ही दोघं तालुक्याला गेलो. पाणीपुरवठ्याच्या साहेबांना भेटायचं तर ते मीटिंगला. त्यांच्या टेबलाशेजारचे म्हणाले, टाकी अजून ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिलेली नाही, तक्रार ठेकेदाराकडे करा. ठेकेदाराचा फोन नवीनकडे वळतो. बांधकामाकडे गेलो, ते म्हणाले, अंगणवाडीची खोली आमची, टाकी आमची नाही. मी म्हटलं, टाकी खोलीवर पडली तर कोणाची? तिथला बाबू हसला. खरंच हसला हो! बालविकासच्या खोलीत गेलो तर तिथल्या बाई म्हणाल्या, केंद्र हलवायचं असेल तर खोली धोकादायक आहे असा बांधकामचा दाखला आणा. परत बांधकाम. ते म्हणाले, खोलीला काही झालेलं नाही, मग धोकादायक कशी लिहू? काही झालं की या.

हे दाराजवळ उभे होते. चपला बाहेर काढून आले होते, का कोण जाणे. शिपायाने त्यांना सांगितलं, "बाबा, वारा अडवू नका." तेव्हा हे बाजूला सरकले आणि भिंतीला चिकटून उभे राहिले. मला इतकं भरून आलं की मी पदर तोंडाला लावला. हा माणूस घडाचं ओझं घेऊन बांधावरून पळत जायचा, आणि इथे पंख्याच्या वाऱ्यात उभं राहायची चोरी.

मग मी कोणाला न विचारता केंद्र हलवलं. गावात अमृतलाल शेठ आहेत, त्यांची केळी भरायची मोठी शेड ऊन चढलं की रिकामी असते. मी गेले तर शेठ पेपर वाचत होते. त्यांच्या बायकोने, धापूबाईंनीच आतून सांगितलं, "बाई, लेकरांना आणा. विचारायचं काय त्यात? मी झाडून ठेवते." पोरं शेडमध्ये बसली, केळीच्या रिकाम्या क्रेटांच्या गाड्या करून खेळली. मला कितीतरी दिवसांनी नीट श्वास आला.

पण मोबाईलमधल्या ॲपने घात केला. पोरांची हजेरी फोटोने लावायची आणि तो फोटो केंद्राच्या जागेवर उभं राहूनच घेतला पाहिजे. शेडमधून काढला की लाल अक्षरं येतात. हजेरी नाही तर खिचडीचं धान्य नाही. शेवटी आमच्या पर्यवेक्षिका कुंदाबाई मॅडम स्कूटीवरून आल्या.

"सुनंदाबाई, शेडमध्ये कीटकनाशकं असतात. पोराला काही झालं तर जबाबदार कोण?"

"मॅडम, तिथे डोक्यावर टाकी गळते."

"ते पत्र तुम्ही पाणीपुरवठ्याकडून आणा ना. माझ्याकडे फक्त एवढंच दिसतं की केंद्र बंद आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझीही नोकरी आहे हो. उद्या तिथे भरवा. नाहीतर नोटीस काढावी लागेल."

आयांनीही तेच म्हटलं. त्या सकाळी केळीच्या कामाला जातात, पोर कुठे ठेवणार? आणि घरी खिचडी कोण शिजवणार? मी पोरांची रांग धरून परत खांबाखाली आले.

त्याच दुपारी वरून सिमेंटचा ढपला सुटला. पत्रा फोडून फळ्यापाशी येऊन पडला. तिथे नेहमी मोहिनी बसते. ती पाणी प्यायला उठली होती म्हणून. मी तिला इतकं आवळलं की तीच म्हणाली, "मम्मी, दुखते ना!"

हे धावत आले. ढपला उचलून हातात घेतला. एका बाजूला त्याच्यावर चिकाचा पट्टा होता. तसेच घरी गेले, दाराआडची चावी घेतली आणि टाकी रिकामी करायचा खालचा व्हॉल पूर्ण फिरवला.

काय पाणी ते! गल्लीतून नाल्याकडे लोंढाच निघाला. बायका आधी हंडे, कळशा, बादल्या घेऊन धावल्या. ज्याला त्याला वाटलं नळ आला. भांडी भरली, आणि पाणी वाहतच राहिलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मग जे तोंड सुटलं! "मेल्या जीवराम, पोरं पाण्यावाचून तडफडू राह्यली अन् तू नाल्यात सोडू राह्यला?" माझ्या जावेनेसुद्धा शिव्या दिल्या. हे चावीला हात लावून उभे होते, पाय घोट्यापर्यंत चिखलात. नवीन गाडीतून उतरून पळत आला, पहिल्यांदाच पळताना पाहिला मी त्याला. चावी हिसकताना त्याचा धक्का लागून हे चिखलात बसले. कोणी हात दिला नाही. मी दिला.

शाखा अभियंता दुसऱ्या दिवशी हजर! इतके दिवस मीटिंग होती ना? आता बरं सापडले. टाकी रिकामी, खांब कोरडा.

"कुठे आहे गळती?" त्यांनी विचारलं.

"साहेब, टाकी भरली म्हंजे गयते," हे म्हणाले.

"मग भरून दाखवावी लागेल. भरायची तर ठेकेदाराचं पत्र हवं. आणि त्यांचं म्हणणं की चाचणी झालेली आहे." पेनाने खांबावर टकटक केली. "हा ढपला प्लॅस्टरचा आहे. किरकोळ."

मी ढपला त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "याच्यावरचा डाग बघा. सोपटांचा आहे. तुम्ही बोट लावलं होतं तीच सोपटं." ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना आठवलं, शपथेवर सांगते, आठवलं. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि नवीनला म्हणाले, "रंग द्या याला लवकर."

यांना कामावरून काढलं. सरकारी पाणी वाया घालवलं म्हणून पोलिसात तक्रार देऊ अशी धमकीही दिली. टाकी रंगली, निळीशार. वर नळ आणि हसणारं पोर काढलं. चिकाचे पट्टे रंगाखाली गेले. व्हॉलची चावी कोणाला मिळाली? चुडामणला! त्याचं गवंडीकाम संपलं होतं, नवीनने त्याला इथेच ठेवून घेतलं. उद्घाटन झालं, नारळ फुटला, घरोघरी पाणी आलं. बायका मला बघून हसायला लागल्या, "पाह्य ना, कुठी पडली टाकी?" खरंच, काय सांगणार? पडली नाही म्हणून तर आम्ही खोटे ठरलो.

मोहिनीला मी घरी ठेवू शकत होते. तसं हे म्हणालेही. पण स्वतःची पोर घरी ठेवून दुसऱ्यांची खांबाखाली बसवायची? माझ्याने नाही झालं. मग आम्ही दोघांनी एक ठरवलं.

आता माझ्या अंगणवाडीत चपला बाहेर काढत नाहीत. पोरं चपला घालूनच बसतात, भिंतीकडे पाठ आणि दाराकडे तोंड. आमचा एक खेळ आहे. बाईंनी टाळी वाजवली की सगळ्यांनी पळत जाऊन मारुतीच्या ओट्याला शिवायचं. शेवटचा राहील तो कच्चा लिंबू. पोरांना हा खेळ भारी आवडतो. कुंदाबाई मॅडमनी पाहिला, कौतुक केलं, फोटो काढला. "असे उपक्रम पाहिजेत," म्हणाल्या. मी म्हटलं, हो मॅडम.

आणि हे? हे सकाळी येऊन मारुतीच्या ओट्यावर बसतात. केळीच्या कामाला जात नाहीत. लोक म्हणतात जीवरामचं डोकं फिरलं. हे खांबाकडे बघत बसतात. काही वाटलं तर उठून उभं राहायचं आणि डोक्याचा रुमाल सोडायचा, असं आमचं ठरलेलं. मी दारातून यांच्याकडे बघते, पोरांकडे बघते, परत यांच्याकडे. गाणी म्हणवून घेतानासुद्धा.

परवापासून निळा रंग एका जागी फुगायला लागला होता. मी चुडामणला दाखवला. त्याने मान वर केली, डोळ्यावर हात धरून बराच वेळ पाहिलं. या वेळी बठ्ठं ठीक शे म्हणाला नाही. "सांगस मी नवीनभाऊले," म्हणाला आणि लिंबाखालची खाट उचलून पार रस्त्याच्या पलीकडे नेऊन टाकली. काय समजायचं ते मी समजले.

मी नवीनला फोन केला, लागला नाही. कुंदाबाई मॅडमना केला, त्या म्हणाल्या, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलते.

आज सकाळी टाकी काठोकाठ भरली होती. थेंब नव्हता, काही नव्हतं. खिचडी शिजली. मी ताटल्या वाढल्या. वाफा येत होत्या, पोरं फुंकर घालून खात होती. मी मोहिनीच्या ताटलीत डाव रिकामा करून मान वर केली, तर ओट्यावर हे उठून उभे होते. रुमाल सोडलेला.

मी टाळी वाजवली.

कोणी उठेना. पोरांनी माझ्याकडे पाहिलं, ताटल्यांकडे पाहिलं.

"बाई, आता नही," मोहिनीच म्हणाली. वर्गात ती मला बाईच म्हणते. तोंडात घास होता. "खिचडी गरम हाये ना."

तिकडून हे रुमाल फिरवत पळत येत होते, तोंड उघडलेलं, पण आवाज माझ्यापर्यंत पोचत नव्हता. पत्र्यावर वाळू ओतावी तसं काहीतरी सांडायला लागलं होतं.

मी ताटल्या लाथेने उडवल्या. पोरं रडायला लागली. मी पुन्हा टाळी वाजवली.